मोजताना बरोबर कोण होतं

१

सिस्टरला ऑपरेशन थिएटरमध्ये सव्वीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत काय केलंस, असं कुणी विचारलं असतं तर तिने एका शब्दात सांगितलं असतं, मोजलं. डॉक्टर कापतात, शिवतात आणि नाव कमावतात. सिस्टर कात्र्या मोजते, चिमटे मोजते, सुया मोजते, आणि सगळ्यात जास्त मोजते ते मॉप. मॉप म्हणजे पोटाच्या ऑपरेशनमध्ये रक्त टिपायला घेतात ते जाड कापडाचे चौकोन. पाच-पाचाच्या गठ्ठ्यांत येतात. एकदा भिजला की असा चौकोन आतड्यांतलाच वाटतो आणि तिथेच दडून बसतो. म्हणून सुरुवातीला मोजायचे, पोट शिवण्याआधी परत मोजायचे, आणि दोन्ही वेळा दोघींनी, मोठ्याने, एका सुरात. मग डॉक्टर मान वर न करता विचारतात, "मोजणी?" सिस्टर म्हणते, "बरोबर." एवढं ऐकल्यावरच ते शिवायची सुई मागतात.

त्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला असंच एक मोठं ऑपरेशन संपत आलं होतं. सहा गठ्ठे फोडले होते, म्हणजे तीस मॉप. मोजायला तिच्यासोबत नवी होती. ही पोरगी सहा महिन्यांपूर्वी लागली तेव्हापासून तिचं नाव नवीच पडलं होतं, आणि आणखी दहा वर्षांनीही ते तसंच राहणार होतं. दोघींनी सुरुवात केली. सिस्टर चिमट्याने एकेक मॉप उचलून ट्रेमध्ये ठेवत होती.

"सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस."

दोघी थांबल्या. आणि सिस्टरच्या डाव्या खांद्यामागून कुणीतरी, रांगेत जरा मागे पडल्यासारखं, हळूच म्हणालं, "एकोणतीस."

सिस्टरने मागे पाहिलं. मागे फिकट हिरव्या फरशांची भिंत होती आणि ऑक्सिजनची नळी. तिने स्वतःला समजावलं की मास्कमुळे आपलाच आवाज कानात घुमला असेल. पण घुमला असता तर शेवटी तीस ऐकू आलं असतं.

"परत मोजू या," ती म्हणाली.

"सिस्टर, पेशंट टेबलावर आहे," डॉक्टर म्हणाले. "पाढे नंतर पाठ करा."

तरी दोघींनी परत मोजले. परत तीस झाले आणि परत मागून तो शब्द आला. नवीने फळ्यावर तीस लिहिले, तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. सिस्टर म्हणाली, "बरोबर." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिला हा शब्द जड गेला.

२

सिस्टरचा नवरा शाळेत गणित शिकवून निवृत्त झाला होता. म्हणजे शाळेतून निवृत्त झाला होता, गणितातून नाही. तो स्वयंपाकघरात मटार सोलत बसला होता आणि सवयीने दाणे मोजत होता.

"अहो," ती म्हणाली, "तीस कधी एकोणतीस असू शकतात का?"

"नाही."

"कधीच?"

"उद्या सूर्य उगवेल का, असं विचारलंस तर मी म्हणेन, बहुतेक. पण तीस म्हणजे तीस. ते कुणाच्या बापालाही बदलता येणार नाही." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "परत तेच का गं?"

परत तेच होतं. अकरा महिन्यांपूर्वी एक शिवणकाम करणारी बाई टेबलावर आली होती, चौतीस वर्षांची. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, आकडे म्हणत राहा. माणसं सात-आठपर्यंत जातात आणि झोपतात. ही बाई एकोणतीसपर्यंत गेली. विक्रम झाला म्हणून थिएटरमध्ये हशा पिकला. तीस म्हणायला तिने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

त्या दिवशी एक सिस्टर रजेवर होती, म्हणून मोजायला मावशी उभ्या राहिल्या होत्या. मावशी थिएटरची साफसफाई बघायच्या, सिस्टरच्याही आधीपासून तिथे होत्या आणि मोजण्यात कुणाला ऐकायच्या नाहीत. शेवटच्या मोजणीला सिस्टरचे तीस भरले. मावशी म्हणाल्या, "एकोणतीस, सिस्टर. एक उणा आहे." दोघींनी दुसऱ्यांदा मोजलं. सिस्टरचे तीसच, मावशींचे एकोणतीसच. डॉक्टर हात पुढे करून उभे होते. सिस्टर म्हणाली, "मावशी, मला मोजता येतं." आणि डॉक्टरांना म्हणाली, "बरोबर."

तीन आठवड्यांनी ती बाई तापाने फणफणत परत आली. पोटात मॉप निघाला. नंतर चार दिवसांनी ती गेली.

चौकशी बसली. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "मोजताना मावशी बरोबर होत्या का?" ते विचारत होते की मावशी शेजारी होत्या का. सिस्टरला ते कळत होतं. पण बरोबर या शब्दाला दुसरी बाजूही आहे, आणि बुडत्या माणसाला जी बाजू हाताला लागते ती तो धरतो. "नव्हत्या," ती म्हणाली. कागदावर आलं की मावशी जागेवर नव्हत्या, सिस्टरला एकटीनेच मोजावं लागलं आणि त्यामुळे चूक झाली. मावशींना काढून टाकलं. आपण खोटं बोललो नाही, आपण फक्त मावशींची मोजणी चुकली असं म्हणालो, हे सिस्टरने स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता ते तिला खरंही वाटत नव्हतं आणि खोटंही.

"सोपं आहे," नवरा म्हणाला. हे त्याने आधीही तीनदा सिद्ध करून दाखवलं होतं. "आत-बाहेर मिळून तीस. एक पोटात राहिला. म्हणजे बाहेर एकोणतीस. तू मोजलेस तीस. म्हणजे तू चुकलीस."

"मी दोनदा मोजले."

"दोनदा चुकलीस. यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? हे सिद्धच होतं."

तिला त्याचा संताप आला. घरात कुणी मेलं तरी हा माणूस आधी पायऱ्या मांडेल आणि मग रडेल. पण त्याच्या पायऱ्यांत तिला कुठे फट सापडत नव्हती. तीस हे नेहमीच तीस असतील तर तिने एक बाई मारली होती. ती निर्दोष ठरायची असेल तर तीस हे निदान एकदा तरी तीस नसायला हवे होते. या जगाकडे तिची एवढीच मागणी होती.

३

आवाज गेला नाही. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, मॉपची मोजणी तिसावर यायची आणि मागून एकोणतीस ऐकू यायचं. वीस मॉप असले तर तो गप्प असायचा. सिस्टर कान तपासून आली, कान उत्तम होते.

तिने पद्धती बदलल्या. उलटं मोजलं, जोड्या लावल्या, पाच-पाचाचे ढीग केले. शेवटी नवराच म्हणाला, "आकडेच म्हणू नकोस. प्रत्येकाला एक घर दे. घरं भरली की झालं." तिने स्टोअरमधून कप्प्यांचा टांगता पडदा आणवला, पाच कप्प्यांच्या सहा ओळींचा. एका कप्प्यात एक मॉप.

गुरुवारच्या ऑपरेशनला कप्पे भरत गेले. शेवटची ओळ भरली. एकही रिकामा नव्हता, कुणी तोंडातून आकडा काढला नव्हता, थिएटरमध्ये फक्त मशीनची टिकटिक चालू होती. सिस्टरला बरं वाटलं. मग डाव्या खांद्यामागून, या वेळी जरा जवळून, "एकोणतीस" आलं. एकोणतीस म्हणजे एकाने उणे तीस, या आकड्याच्या पोटातच एक कमी आहे, हे तिला तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

"मोजणी?" डॉक्टरांनी विचारलं.

सिस्टर परत पहिल्या ओळीपासून कप्पे बघायला लागली.

"सिस्टर, मोजणी?"

"एक्स-रे काढू या," ती म्हणाली.

पोट उघडं ठेवून मशीन आणवलं, वीस मिनिटं गेली. मॉपमध्ये एक्स-रेत दिसणारा धागा असतो, तो कुठे निघाला नाही. डॉक्टरांनी हातमोजे काढून बादलीत फेकले आणि शांतपणे म्हणाले, "भूल आम्ही पेशंटला देतो, सिस्टर. तुम्हाला कुणी दिली?" सगळे हसले, नवीसुद्धा. दुसऱ्या दिवशीपासून कॅन्टीनमध्ये तिला एकोणतीस म्हणायला लागले. त्याच दिवशी कार्यालयातून पत्र आलं. मावशींनी फेरचौकशी मागितली होती आणि पुढच्या शुक्रवारी सिस्टरने परत जबाब द्यायचा होता.

४

रविवारी दुपारी तिने नवऱ्याला जेवणाच्या टेबलाशी गाठलं.

"तीस आहेत हे तुम्हाला कशावरून कळतं?"

"मोजून."

"मोजतं कोण?"

"मी."

"तुम्ही चुकू शकता?"

"मी चुकेन. गणित चुकणार नाही."

"पण ते चुकलं नाही हे बघायला कोण बसलंय? तुम्हीच ना? जे चुकू शकतात तेच?"

"म्हणून तर पुन्हा तपासायचं असतं."

"कुणी?"

तो वैतागला. चाळीस वर्षं पोरांनी त्याला हा प्रश्न विचारला नव्हता, त्यांना मार्कांशी मतलब होता. त्याने काड्यापेटी आणली, झाकण उघडून ती टेबलावर पालथी केली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाला, "बघ. तुझ्यासमोर." त्याने तीस काड्या वेगळ्या काढल्या, निदान तीस म्हणून काढल्या, आणि एकेक करून पेटीत टाकायला लागला. आवाज खणखणीत होता. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.

"एकोणतीस," तो म्हणाला.

वेगळ्या काढलेल्यांपैकी एकही काडी टेबलावर उरली नव्हती. एक त्याच्या चिमटीत होती. त्याने ती डोळ्यांपुढे धरली, पुढचा आकडा म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच बसला. सिस्टर त्याच्या उघड्या तोंडाकडे पाहत होती. असं तोंड तिने आधी एकदा पाहिलं होतं.

मग त्याने काडी पेटीत टाकली, झाकण लावलं आणि म्हणाला, "सादळल्यात या काड्या."

संध्याकाळी त्याने मटार सोलले. दाणे मोजले नाहीत. खुर्ची ओढून भिंतीला पाठ टेकवून बसला होता. तिला वाटलं होतं, त्याची खात्री हलली तर आपल्याला आनंद होईल. झाला नाही. घरात एक तरी माणूस ठाम असावा असं इतकी वर्षं आपल्याला वाटत होतं, हे तिला आत्ता समजलं.

५

बुधवारी दुपारी ती मावशींकडे गेली. इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्या होत्या, जिना अरुंद होता. खालून गरम कपड्यांची वाफ वर येत होती. सुनेने दार उघडलं, सिस्टरला ओळखलं आणि आतल्या खोलीत गेली. मावशी खिडकीशी बसून शर्टांना बटणं लावत होत्या. नोकरी गेल्यापासून त्या हेच करत होत्या.

"या सिस्टर. जिन्याने दम लागला असेल, बसा."

सिस्टर बसली. माफीचे शब्द तिने रस्ताभर जुळवले होते. ते बाजूला राहिले आणि भलतंच तोंडातून आलं. "मावशी, त्या दिवशी तुमचे एकोणतीस कसे झाले?"

"मोजून. तुमच्यासारखेच."

"माझे तीस झाले. शपथेवर सांगते."

"शपथ कशाला? मी ऐकलं की. तुम्ही तीसच मोजलेत."

"मग दोघी बरोबर कशा असू?"

मावशींनी दाताने दोरा तोडला. "दोघीच होतो का आपण?" त्या म्हणाल्या. "एकोणतीस तुम्ही ठेवलेत, चिमट्याने. ते मी मोजले. तिसावा तुम्ही नाही ठेवलात. तुम्ही नुसतं तीस म्हणालात आणि ट्रेमध्ये तो आला. हाताने ठेवला कुणीतरी. हातमोजा नव्हता. पहिल्या बोटाला सुया टोचल्याच्या बारीक खुणा होत्या, या बघा, आता माझ्याही आहेत तशा. मी वळून टेबलाकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात पट्ट्याने बांधलेले होते. बांधलेलेच होते, सिस्टर."

खाली कुणीतरी इस्त्री जोरात आपटली.

"मला कसं दिसलं नाही?"

"तुम्ही मोजत होतात ना. मोजणाऱ्याला आकडा दिसतो."

"मग चौकशीत सांगितलं का नाही?"

"काय म्हणून सांगू?" मावशींचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी बरोबरच नव्हते ना. तुम्हीच सांगितलंत. तीस वर्षं मी त्या फरशीवर काढली आणि तुम्ही एका शब्दात मला खोलीबाहेर उभं केलंत. हाताचं सोडा, हाताचं कुणी ऐकणार नाही. मी एक उणा म्हणाले होते, एवढं तरी खरं लावा. लोकांना वाटतं मी काम टाकून चहाला गेले होते. सुनेलाही वाटतं."

"शुक्रवारी सांगते," सिस्टर म्हणाली. "नक्की."

मावशींनी मान हलवली. सिस्टर जिना उतरायला लागली तेव्हा त्यांनी वरून सांगितलं, "सांभाळून उतरा दोघी." सून तर आतच होती.

६

शुक्रवारी सकाळी समितीच्या खोलीत तीन खुर्च्या, एक लांब टेबल आणि झाकण ठेवलेला पाण्याचा ग्लास होता. अध्यक्ष तेच होते. कोपऱ्यात लेखनिक बसला होता, फार काटेकोर माणूस, कागदाच्या कडा जुळल्याशिवाय पेन न उघडणारा. भिंतीलगतच्या बाकावर मावशी छत्री मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"प्रश्न एकच आहे," अध्यक्ष म्हणाले. "मोजताना मावशी बरोबर होत्या का?"

"होत्या," सिस्टर म्हणाली.

बोलून झाल्यावर तिला हलकं वाटलं. मावशींनी वर पाहिलं. अकरा महिन्यांचा दगड एका शब्दाने सरकला असं सिस्टरला वाटलं, आणि एवढ्यात लेखनिकाने घसा साफ केला.

"साहेब, मागच्या वेळी या शब्दाचा घोळ झाला असं अर्जात म्हटलंय. हजर होत्या असं लिहू, की त्यांचं म्हणणं खरं होतं असं लिहू?"

"बरोबर विचारलंत," अध्यक्ष म्हणाले, आणि स्वतःच्या शब्दाला स्वतःच हसले. "सांगा सिस्टर. दोन्हींपैकी काय? नीट सांगा."

सिस्टरने मावशींकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं खरं होतं, चार शब्द. पण ते खरं असेल तर मॉप एकोणतीस होते, आणि एकोणतीस होते तर नवऱ्याच्या पायऱ्या बरोबर होत्या, आणि त्या पायऱ्यांच्या शेवटी चौतीस वर्षांची एक बाई होती. तिला तो चिमटा आठवला. तीस वेळा तो उघडला आणि मिटला होता. आठवत होता, अगदी तीस वेळा. एवढी खात्री तिला स्वतःच्या नावाचीही नव्हती. ही खात्री सोडली तर सव्वीस वर्षांत दिलेल्या प्रत्येक बरोबरचं काय करायचं, हे तिला कळेना. डाव्या खांद्यामागे कुणीतरी श्वास धरून उभं होतं. तेही वाट पाहत होतं.

"हजर होत्या," ती म्हणाली.

पेन चाललं. अध्यक्षांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "म्हणजे त्या हजर होत्या, त्यांनीही मोजलं आणि तरीही पोट शिवलं गेलं. मग त्याही तेवढ्याच जबाबदार ठरतात. आधीचा निर्णय कायम. सिस्टर, तुम्हालाही आता थिएटरमध्ये ठेवता येणार नाही."

मावशी छत्री घेऊन उठल्या, दाराकडे जाताना सिस्टरपाशी थांबल्या. तिच्याकडे पाहिलंच नाही. तिच्या डाव्या खांद्यामागे पाहिलं, ओळखीच्या बाईचा निरोप घ्यावा तशी मान हलवली आणि निघून गेल्या.

७

सिस्टरची बदली तळमजल्यावर, कपड्यांच्या स्टोअरमध्ये झाली. चादरी, उशांचे अभ्रे, हिरवे गाऊन. इथे चूक झाली तर कुणी मरत नाही, असं सांगून तिला पाठवलं होतं. खोलीला एकच उंच खिडकी होती आणि कपड्यांमुळे तिथला आवाज बाहेर जात नसे. पहिले आठ दिवस मागून काही ऐकू आलं नाही. कुणी मोठी मागणीही केली नव्हती.

नवव्या दिवशी दुपारी नवी चिठ्ठी घेऊन आली. तिला जरा अवघडल्यासारखं झालं होतं. वॉर्डासाठी तीस चादरी हव्या होत्या.

"मी लिहिते, तुम्ही मोजा," ती म्हणाली.

सिस्टर फळीवरून एकेक चादर उचलून टेबलावर ठेवायला लागली. पहिल्या काहींना आवाज नीट लागला. वीस झाल्या, पंचवीस झाल्या. आता मागून येईल म्हणून तिने मान आखडून धरली होती.

"अठ्ठावीस," ती म्हणाली. "एकोणतीस."

पुढची चादर तिच्या हातात होती. आकडा माहीत होता, जिभेवर होता. तिने तोंड उघडलं. तोंड उघडंच राहिलं. आत काहीतरी मऊ, ओलं, कापडासारखं अडकलं होतं आणि त्याच्या पलीकडून शब्द येत नव्हता. नवी पेन्सिल टेकवून थांबली होती. टेबलाच्या कडेशी, चादरीच्या दुसऱ्या टोकाला, एक उघडा हात होता. सिस्टरने तो पहिल्या बोटावरच्या सुईच्या खुणांपर्यंतच पाहिला.

"तीस," तिच्या कानाशी आवाज आला, किती तरी दिवसांचं ओझं उतरल्यासारखा.

चादर टेबलावर पडली. नवीने आकडा लिहिला.

"बरोबर?" तिने विचारलं.

सिस्टरने तोंड मिटलं. डावीकडे वळून बघायची तिला गरज वाटली नाही.

"आहे," ती म्हणाली. "अजून बरोबरच आहे."